चालतंय म्हणणं आता पुरे

परवा रात्री भाचीने फोनवर एक फोटो पाठवला. ती दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. महिन्यातले बारा-पंधरा दिवस घराबाहेर, आज लातूर तर उद्या नांदेड. फोटो सोलापूरचा होता. स्टीलच्या वाटीत लालभडक रस्सा, त्यात पनीरचे चार तुकडे, वर क्रीमची नागमोडी रेघ, शेजारी गार होऊन वाकडी झालेली तंदुरी रोटी. मी विचारलं, "काय गं, कसं आहे?" उत्तर एका शब्दाचं आलं. "चालतंय."

मंडळी, मला त्या पनीरपेक्षा या शब्दाचाच जास्त राग आला. कारण तो माझाच शब्द आहे. नोकरीच्या पस्तीस वर्षांत मी तो किती हॉटेलांत उच्चारला असेल याची मोजदाद नाही. आज लिहायला बसले ते तो परत घेण्यासाठी.

शिक्षिकेला कसला आलाय प्रवास, असं वाटेल कुणाला. पण दहावीच्या पेपरांचं मॉडरेशन, प्रशिक्षण वर्ग, निवडणुकीचं काम, सहली, स्पर्धेला मुलं घेऊन जाणं, असं वर्षातून चार-पाच वेळा तरी बाहेरचं जेवावं लागे. 1986 साली पुण्याला पेपरांच्या कामाला गेले होते. स्वारगेटजवळच्या एका हॉटेलात शिरले तर मालकाने बोट दाखवलं, "बाई, फॅमिली रूम तिकडे." ज्यांनी त्या फॅमिली रूम पाहिल्या असतील त्यांना आठवतील. लाकडी फळ्यांचे कप्पे, मळकट पडदा, आत एक टेबल. एकदा पडदा पडला की तुम्ही आहात हे वेटर विसरून जायचा. पंचवीस मिनिटांनी राईस प्लेट आली. भात गार, आमटी म्हणजे हळदीचं पाणी, पापड मऊ. वेटरने विचारलं, "आणखी काय?" मी म्हटलं, "काही नको, चालतंय." आणि अर्धपोटी उठून पेपरांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसले.

तेव्हा निदान पदार्थ तरी गावागणिक वेगळा वाईट असे. कोल्हापुरात तिखटाने वाईट, रत्नागिरीत नारळाने वाईट. आता सगळीकडे एकच वाईट मिळतं. मेनूकार्ड हातात घ्या, दीडशे भाज्यांची नावं असतील. भटारखान्यात मात्र पातेली तीनच. एक लाल, कांदा-टोमॅटोची. एक पांढरी, काजूतुकडा आणि मगज वाटून केलेली. एक तपकिरी, तळलेल्या कांद्याची. सकाळी ती शिजवून ठेवायची, ऑर्डर आली की डावभर कढईत ओतायची. त्यात पनीर टाकलं की एक नाव, काजू टाकले की दुसरं, मटार टाकले की तिसरं. लाल-पांढरी मिसळली की चौथं. हे गणित मला एका आचाऱ्यानेच हसत हसत समजावून सांगितलं होतं. गणित चोख आहे, पण तो स्वयंपाक नाही. दुपारी एकला आणि रात्री दहाला, नागपूरला आणि कणकवलीला, चव एकच.

सोलापूर म्हणजे ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून जाहीर केलं तेव्हा आपल्याकडे केवढा गाजावाजा झाला. त्याच जिल्ह्यात, कामासाठी गेलेल्या मुलीच्या ताटात मैद्याची रोटी पडते आणि भाकरी विचारली तर "ऑर्डर द्यावी लागेल, पाऊण तास" असं उत्तर मिळतं.

इथे हॉटेलवाल्याची बाजूही मांडायला हवी. भाकरीचं पीठ मळून ठेवता येत नाही. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही. गरम पाणी घालून तेवढ्यापुरतं मळायचं आणि एकेक थापायची. त्याला हात बसलेली बाई लागते. मैद्याचा गोळा तासन् तास पडून राहतो, कुणीही लाटतो. शिवाय गॅस, तेल, भाडं, पगार, सगळं वाढलेलं. हे सगळं मान्य. पण ज्या हॉटेलांनी दारातच चूल मांडून भाकरी थापणारी बाई बसवली, तिथे लोक रांग लावतात हेही आपण पाहतोच की. म्हणजे अशक्य काही नाही. आणि "गिऱ्हाईकच पनीर मागतं" हे तर मला मुळीच पटत नाही. जे कार्डावर आहे तेच तो मागणार. वर्गात मी तीनच प्रश्न विचारले, तर मुलांना चौथ्याचं उत्तर येत नव्हतं असं म्हणता येईल का?

खरं कारण वेगळं आहे. कामाला आलेला माणूस पुन्हा येणार नाही हे मालकाला ठाऊक असतं. पर्यटक निवडून, विचारून जातो. गावचा माणूस वाईट मिळालं तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या हॉटेलात जातो. कामावरचा माणूस मात्र अडकलेला असतो. रात्री साडेनऊला काम संपतं, लॉजखाली जे उघडं असेल ते. गाडी जिथे थांबेल तिथे, वीस मिनिटांत. अशा माणसाला जे वाढलं जातं, त्यावरून त्या गावाची नियत कळते.

पूर्वी परगावी काम करणाऱ्यासाठी खानावळ असे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो कामगारांना बायकांनी घरच्या चुलीवर रांधून जेवू घातलं. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून. तिथे पक्वान्नं नव्हती. पण जेवणारा मेंबर होता. उद्या पुन्हा याच पाटावर येणार होता. महिन्याचा हिशेब, खाडे वजा. आमटी पाणचट झाली तर तो तिथल्या तिथे बोलायचा आणि बाई ऐकून घ्यायची, नाहीतर उलट सुनवायची. ते बोलणं होतं म्हणून चव राहिली. आपण एकदाच जेवणारे झालो, आणि बोलणंच संपलं.

आता आमची ताई हे वाचून म्हणेल, "आईने काय शिकवलं होतं? अन्नाला नावं ठेवू नयेत." ताई, मलाही तेच शिकवलं होतं आणि मीही शेकडो मुलांना तेच शिकवलं. पण ती शिकवण घरच्या ताटासाठी होती. जी बाई पहाटे उठून आपल्यासाठी राबते, तिच्या भाजीत मीठ कमी पडलं तर गप्प बसावं, हा माणुसकीचा धडा आहे. जो पैसे घेऊन कालची आमटी आज गरम करून वाढतो, त्याने या धड्यामागे लपायचं हे मला मान्य नाही. उलट नावं न ठेवता आपण ते अन्न ताटात टाकून उठतो. मग अन्नाचा अपमान कुणी केला?

तरी मी गप्प का बसत होते, याचं आणखी एक कारण आहे. ते आजवर घरीही कुणाला सांगितलेलं नाही.

1994 साली सोलापूरचं प्रशिक्षण संपवून परत निघाले होते. सांगोल्याच्या आसपास गाडी जेवायला थांबली. आमटी तोंडात घातली आणि कळलं, आंबली आहे. त्या दिवशी माझंही डोकं फिरलं. वाढायला आलेल्या पोऱ्याला मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "ही आमटी खराब आहे, कळत नाही का तुला?" बारा-तेरा वर्षांचा असेल. माझ्या सातवीच्या वर्गातला शोभावा असा. माझा आवाज ऐकून मालक गल्ल्यावरून उठला, आला, आणि सगळ्यांसमोर त्या पोराच्या कानाखाली वाजवली. आमटी त्या पोराने केली नव्हती, गरम केली नव्हती, विकतही नव्हता. तो फक्त वाटी घेऊन आला होता. मी काय केलं? काही नाही. पैसे दिले आणि गाडीत जाऊन बसले. हात धुवायला मागे गेले तेव्हा भटारखान्याच्या दारात बाकीचे कामगार जेवत बसलेले दिसले होते. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा. ताजं, वाफ निघणारं. आम्हाला जे मिळायला हवं होतं ते त्या घरात शिजत होतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी कुठल्याही हॉटेलात तोंड उघडलं नाही. मनाशी म्हणायचे, आपल्या तक्रारीने गरिबाच्या पोराला मार बसतो. हा विचार सोयीचा होता, म्हणून इतका टिकला. खरं तर मी चुकीच्या माणसाला बोलले होते, आणि बोलायला हवं होतं तेव्हा, म्हणजे थप्पड पडली तेव्हा, गप्प बसले होते. हॉटेलांत आणि धाब्यांवर लहान मुलांना कामाला ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आली. तो माझा पोऱ्या तोवर पंचविशीचा झाला असेल.

तेव्हा आता माझं म्हणणं असं. बोलायचं, पण गल्ल्यावर. वाढणाऱ्याला एक अक्षर बोलायचं नाही, त्याला जमलं तर बक्षिसी द्यायची. मालकाला सांगायचं, तेही पेपर तपासल्यासारखं नेमकं. "जेवण बरोबर नव्हतं" असं मोघम म्हटलं की तो मान हलवतो. "भात सकाळचा होता, रोटी गार होती, पनीर रबरासारखं होतं" असं म्हटलं की त्याला ऐकावं लागतं. चांगलं असेल तर तेही तितकंच नेमकं सांगायचं. मुलांच्या वहीवर मी नुसता "छान" शेरा कधी दिला नाही.

खराब अन्न असेल तर बिल टाकून देऊ नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी परवाना क्रमांक 1 जानेवारी 2022 पासून बिलावर छापणं सक्तीचं आहे, आणि तो क्रमांक देऊन प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. ग्राहकांची हेल्पलाइन 1915 आहे. सेवाशुल्क सक्तीने लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. म्हणजे खिशाची काळजी घ्यायला कायदा आहे. पण बेचव, आळशी जेवणाविरुद्ध कुठलाच कायदा येणार नाही. तिथे आपली जीभच कामाला येईल, चव घ्यायला आणि बोलायलाही.

आणि दरवेळी एक प्रश्न विचारायचा. "तुमची माणसं काय जेवणार आहेत? ते मिळेल का?"

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू ना, रिटायर झालीयेस. मला सकाळी सातला निघायचं असतं, भांडायला वेळ कुठे?" बरोबर आहे तिचं. पण काल तिचा निरोप आला, उदगीरहून. हॉटेलवाल्याला विचारलं तर तो आधी बघतच राहिला, मग म्हणाला, "ताई, आमच्यापुरतं पिठलं आहे, ते कसं देऊ तुम्हाला?" तिने सांगितलं, "तेच द्या." पिठलं जरा खारट होतं म्हणे. निघताना गल्ल्यावर तेही सांगून आली.