एलुल मासाचा हिशेब

गणेशोत्सव आटोपून पितृपंधरवडा लागतो, त्या सुमारास जगभरच्या यहुदी समाजातही एक व्रतस्थ महिना चालू असतो. त्याचे नाव एलुल. यहुद्यांचे पंचांग आपल्याप्रमाणेच चांद्र-सौर असून एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरून ते ऋतूंशी मेळ राखते. त्यामुळे एलुल बहुधा भाद्रपदाबरोबर आणि एखाद्या वर्षी श्रावणाबरोबर येतो. २०२५ मध्ये हा मेळ चांगलाच जुळला होता. २५ ऑगस्टला एलुल लागला. २२ सप्टेंबरला आपल्याकडे घटस्थापना झाली आणि त्याच दिवशी सूर्यास्ताला एलुल संपून यहुद्यांचे नववर्ष, म्हणजे रोश हशाना, सुरू झाले.

त्या नवरात्रातील दुसऱ्या माळेची गोष्ट. कीर्तन संपवून उपरणे आवरीत असता एका तरुण श्रोत्याने आपला मोबाइल पुढे केला. पडद्यावर कोणी परदेशी गृहस्थ घरादाराचा निरोप घेत होते. “बुवा, आज ख्रिस्ती लोक आकाशात उचलले जाणार म्हणतात. खरे असेल का?” मी म्हणालो, “उद्या कीर्तनाला ये, मग बोलू.” मंडळी हसली. परंतु घरी आल्यावर वाटले की प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील एका प्रवचनकाराने आपल्याला दृष्टांत झाल्याचे सांगून २३ व २४ सप्टेंबर २०२५ हे दिवस जाहीर केले होते, आणि ती वार्ता मोबाइलवरून खंडोखंडी पोहोचली होती. काहींनी नोकरी सोडली, काहींनी मोटार विकली, अशी वृत्ते वर्तमानपत्रांतून आली. दोन्ही दिवस इतर दिवसांसारखेच मावळले. पुढे त्याच मंडळींतून ऑक्टोबरातील नवी तारीखही निघाली.

हेच दिवस का निवडले गेले? उत्तर एलुल मासात आहे.

एलुलमध्ये काय करतात?

एलुल हा यहुदी वर्षाचा शेवटचा महिना. त्यानंतर रोश हशाना येते, आणि दहाव्या दिवशी योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. ईश्वराच्या दरबारात मनुष्याच्या कर्मांचा निवाडा याच दहा दिवसांत होतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून आधीचा पूर्ण महिना हिशेब तपासण्यासाठी दिलेला आहे. अनेक प्रार्थनामंदिरांत, शब्बाथचा दिवस वगळून, रोज सकाळी मेंढ्याचे शिंग फुंकले जाते. या शिंगाला शोफार म्हणतात. बाराव्या शतकातील थोर पंडित मैमोनिदीस यांनी या नादाचा अर्थ असा लावला की झोपेत असलेल्या मनुष्याला जागे करून आपल्या आचरणाकडे पाहावयास लावणे हे त्याचे काम होय. सेफार्दी परिपाठाचे यहुदी महिनाभर पहाटे उठून क्षमायाचनेच्या प्रार्थना म्हणतात. इतर अनेक नववर्षापूर्वीच्या काही दिवसांत त्या म्हणतात.

परंपरेनुसार सोन्याच्या वासराच्या पूजेचे पातक घडल्यानंतर मोशे दुसऱ्या शिलापट्टांसाठी पुन्हा सीनाय पर्वतावर चढला तो एलुलच्या प्रतिपदेला, आणि चाळीस दिवसांनी क्षमा घेऊन उतरला तो योम किप्पुरच्या दिवशी. अठराव्या शतकातील हसिदी आचार्य शनेउर झल्मन यांनी या महिन्याला एक सुंदर दृष्टांत दिला आहे. राजा नगरात शिरण्यापूर्वी शेतशिवारात थांबतो. तेथे ज्याला इच्छा असेल त्याने जावे. राजा प्रत्येकाला प्रसन्न मुखाने भेटतो. राजवाड्यात गेल्यावर मात्र भेट दुर्मिळ होते. एलुल म्हणजे शेतात आलेला राजा.

तथापि या महिन्याचा कणा वेगळाच आहे. मिश्ना या प्राचीन ग्रंथाचा निर्णय असा की मनुष्याने ईश्वराविरुद्ध केलेल्या अपराधांची निष्कृती योम किप्पुरने होते. परंतु शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या अपराधाची निष्कृती, त्या शेजाऱ्याची समजूत घातल्यावाचून होत नाही. म्हणून एलुलमध्ये लोक दुखावलेल्यांकडे जातात, क्षमा मागतात, देणी फेडतात. देवाच्या दारी जाण्याचा रस्ता शेजाऱ्याच्या अंगणातून काढलेला आहे.

‘उचलले जाणे’ ही कल्पना

आता दुसरी बाजू पाहू. संत पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात असा आशय आहे की प्रभू येईल तेव्हा देवाचा कर्णा वाजेल, मृत विश्वासी प्रथम उठतील आणि जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांत वर घेतले जातील. या ‘वर घेतले जाण्या’साठी लॅटिन अनुवादात जे क्रियापद आले त्यावरून ‘रॅप्चर’ हा शब्द रूढ झाला.

येशूच्या पुनरागमनावर सर्वच ख्रिस्ती पंथांची श्रद्धा आहे. परंतु जगावर महासंकट कोसळण्यापूर्वी विश्वासू जन गुप्तपणे उचलले जातील, असा वेगळा सिद्धांत मांडला गेला तो १८३० नंतर, मुख्यत्वे जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाकडून. १९०९ मध्ये स्कोफील्ड यांच्या टीपायुक्त बायबलाने तो अमेरिकेत घरोघरी नेला. १९७० मध्ये हॅल लिंडसे यांच्या पुस्तकाने व १९९५ पासूनच्या ‘लेफ्ट बिहाइंड’ या कादंबरीमालेने त्याला अफाट लोकप्रियता दिली. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक जुने प्रॉटेस्टंट पंथ हा सिद्धांत या रूपात मानीत नाहीत. तेव्हा एका प्रवाहाच्या मतावरून समस्त ख्रिस्ती धर्माची परीक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

दोन्हींची गाठ कशी पडली?

लेवीय या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात वर्षाचे सण सांगितले आहेत. या प्रवाहातील भाष्यकार म्हणतात की वल्हांडणाला येशूचे बलिदान झाले, प्रथमफळांच्या दिवशी पुनरुत्थान झाले, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पवित्र आत्मा उतरला. वसंतातले सण असे पूर्ण झाले. शरदातले राहिले आहेत. त्यांतील पहिला सण कर्णे वाजविण्याचा, म्हणजेच रोश हशाना. पौलाच्या पत्रांत ‘शेवटचा कर्णा’ आहेच. म्हणून एलुल सरताना जे शिंग वाजेल तेच उचलले जाण्याचे शिंग, असा निष्कर्ष निघतो.

यात एक अडचण होती. तो दिवस व ती घटिका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात स्वतः येशू सांगतो. परंतु या अडचणीचाच पुरावा करण्यात आला! प्राचीन यरुशलेमेत महिन्याचा आरंभ चंद्रकोर पाहूनच ठरे. कोर पाहिलेले साक्षीदार एका मोठ्या अंगणात जमत, न्यायमंडळ त्यांची उलटतपासणी घेई आणि मग महिना जाहीर होई. साक्षीदारांनी येण्याची सवय ठेवावी म्हणून त्यांना उत्तम जेवण घातले जाई, अशीही नोंद मिश्नात आहे. रोश हशाना प्रतिपदेलाच येत असल्याने तिचा दिवस आधी निश्चित सांगता येत नसे. यावरून हे गणिती म्हणतात की ‘दिवस कोणाला ठाऊक नाही’ हे शब्द म्हणजे याच सणाकडे केलेला संकेत होय.

शास्त्रार्थाचा अभ्यास करणाऱ्यास ही पद्धत परिचयाची वाटेल. वाक्याचा सरळ अर्थ निषेधाचा. त्यातून विधी काढावयाचा. येशूचे वचन मनुष्याला अज्ञानाची जाणीव देण्यासाठी आहे. त्याचे येथे कोडे केले गेले. शिवाय यहुदी पंचांग केव्हाच गणिताने बांधले गेले; परंपरा त्याचे श्रेय चौथ्या शतकातील दुसऱ्या हिल्लेलला देते. आज रोश हशानाची तारीख शंभर वर्षे आधी छापता येते. ज्या अनिश्चिततेवर हा युक्तिवाद उभा आहे, ती उरलेलीच नाही.

फसलेल्या तारखा

२०२५ ची घोषणा पहिली नव्हती. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा ख्रिस्तागमनाचा दिवस धरला होता. तोही यहुदी पंचांगातूनच, कराईट पंथाच्या गणनेनुसार योम किप्पुर म्हणून, काढलेला होता. अनेकांनी शेतातले पीक काढलेच नाही. त्या रात्रीनंतरच्या दिवसांना इतिहासात ‘महान निराशा’ हेच नाव पडले. १९८८ मध्ये एडगर व्हिझनंट या माजी अभियंत्याने रॅप्चरची अठ्ठ्याऐंशी कारणे देणारी पुस्तिका काढून त्या वर्षीची रोश हशाना, ११ ते १३ सप्टेंबर, निश्चित केली. इस्रायलची स्थापना १९४८ ची. त्यात एका पिढीची चाळीस वर्षे मिळविली की १९८८, हे त्यातील एक प्रमुख गणित. पुस्तिकेच्या लक्षावधी प्रती गेल्या. दिवस गेला तेव्हा लेखकाने पुढचे वर्ष सांगितले. २३ सप्टेंबर २०१७ ला कन्या राशीतील ग्रहस्थितीवरून पुन्हा तसाच गलबला झाला. हॅरोल्ड कॅम्पिंग यांची २१ मे २०११ ही तारीख एलुलमधली नव्हती. पण तिच्या प्रचारासाठी न्यूयॉर्कमधील एका निवृत्त कर्मचाऱ्याने आयुष्याची पुंजी, सुमारे १,४०,००० डॉलर, जाहिरातींवर घातली. भाकीत चुकले की भाकीत करणारा नवी तारीख देतो. पुंजी मात्र परत येत नाही.

यहुदी समाजही या मोहातून सुटला नाही. सतराव्या शतकात शब्बताय झ्वी याने स्वतःस मसीहा म्हणविले आणि युरोप-तुर्कस्तानातील असंख्य यहुद्यांनी विश्वास ठेवला. ग्लुकेल या हांबुर्गच्या स्त्रीने आपल्या आठवणींत लिहिले आहे की तिच्या सासऱ्यांनी घरदार सोडले आणि पवित्र भूमीच्या प्रवासासाठी कापडचोपड, वाटाणे, सुके मांस अशा जिनसांनी भरलेली पिंपे तिच्याकडे पाठविली. वर्षभराहून अधिक काळ पिंपे तशीच राहिली. शेवटी खाद्यपदार्थ कुजून कापड खराब होईल म्हणून ते तेवढे काढून घ्या, असे पत्र आले. कापड मात्र तयारच ठेवले होते! शब्बताय झ्वीने तर १६६६ च्या सप्टेंबरात, एलुल मासाच्या मध्यालाच, सुलतानापुढे धर्मांतर केले होते. आपल्याकडेही फेब्रुवारी १९६२ मधील अष्टग्रहीच्या वेळी जगबुडीच्या भयाने ठिकठिकाणी यज्ञ झाले, हे वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे. तेव्हा दुसऱ्यास हसण्याचा अधिकार कोणासच नाही.

ही तारखांची ओढ येते कोठून? महामारी, ऑक्टोबर २०२३ पासून पेटलेला पश्चिम आशिया, रोजगाराची अनिश्चिती यांनी माणूस थकला आहे. ‘अमुक दिवशी सारे संपेल’ हे वाक्य भीतीचे वाटले तरी थकलेल्या मनाला त्यात विश्रांती मिळते. तारीख ठरली की कर्ज, दुरावलेला भाऊ, आजारी आई, कोणताच हिशेब पुरा करावा लागत नाही. एलुल जे करावयास सांगतो, त्यातून ही तारीख सुटका देते. तीच या प्रकरणातील खरी हानी होय.

परंपरांचे स्वतःचे उत्तर

दोन्ही धर्मांनी हा धोका पूर्वीच ओळखला होता. अंताची गणिते मांडणाऱ्यांना तालमुदात कठोर शाप दिलेला आहे. त्याच ग्रंथात रब्बी एलिएझर यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी पश्चात्ताप करण्याचा उपदेश केला आहे. शिष्यांनी विचारले की मरणाचा दिवस मनुष्यास कसा कळावा? गुरू म्हणाले, कळत नाही म्हणूनच आज करावा. दिवस अज्ञात असण्यातच आजच्या दिवसाचे मोल आहे. रब्बान योहानान बेन झक्काय यांच्या नावावरील एक उपदेश तर शेतकऱ्याच्या समजुतीचा आहे: हातात रोप असताना मसीहा आला असे कोणी सांगितले, तर आधी रोप लावावे आणि मग त्याच्या स्वागतास जावे.

येशूच्या दृष्टांतातही धनी परतेल तेव्हा नेमून दिलेल्या कामात आढळणारा सेवक धन्य ठरतो. आणि ज्या थेस्सलनीकाकरांना पौलाने मेघांत भेटण्याची आशा दिली, त्यांनाच दुसऱ्या पत्रात, काम न करणाऱ्यांनी शांतपणे श्रम करून स्वतःची भाकर खावी, असे बजावावे लागले. अनेक भाष्यकारांच्या मते प्रभू आता येणारच, या कल्पनेने तेथील काहींनी कामधंदा सोडला असावा. आपल्या नीतिग्रंथांनीही मृत्यूची घाई लावली आहे ती धर्माचरणाला. संसार मोडून टाकण्याला नव्हे.

कोकणातला एलुल

हा महिना आपल्या मातीला परका नाही. कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडात, तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजेच बेने इस्रायल, शतकानुशतके तो पाळीत आले. त्यांच्यापैकी काहींनी १८८० च्या सुमारास मुंबईत अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आख्यानांवर मराठी कीर्तने सुरू केली, याचे आम्हां कीर्तनकारांस विशेष अगत्य वाटते. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास लिहिला. त्यावरून दिसते की मुसलमान शेजाऱ्यांचा शब्द घेऊन एलुलमधील उपवासांना ते ‘रमजान’ म्हणत. रोश हशाना हा ‘नव्याचा सण’, आणि योम किप्पुर हा ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेण्याचा दिवस होता. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, उपाशीपोटी, घराची दारे बंद करून ते ईश्वराच्या निवाड्यासमोर बसत.

यहुदी श्रद्धेत याहून मोठा भयाचा दिवस नाही. पण कोकणातल्या या साध्या माणसांनी दुसऱ्या दिवसालाही नाव दिले होते: ‘शिळा सण’. दारे उघडत, गोरगरिबांना दानधर्म होई, इष्टमित्रांच्या भेटी होत. निवाडा झाला तरी उद्या सकाळी दार उघडावयाचे आहे, घाणा जुंपावयाचा आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. २५ सप्टेंबर २०२५ च्या सकाळी जे नोकरीवाचून आणि मोटारीवाचून जागे झाले, त्यांच्या पंचांगात या दुसऱ्या दिवसाला जागाच ठेवलेली नव्हती.

तो तरुण दुसऱ्या दिवशी कीर्तनाला आला होता. मी त्याला इतकेच विचारले, “तुझे कोणाशी बोलणे बंद आहे काय?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “काकांशी.” मी म्हटले, “मग उद्या तिकडे जाऊन ये. तारखेचे नंतर पाहू.”