सांध्यावरचा पहारा

व्यापारी घरातला मुलगा विमाने किंवा अग्निबाण घडविणाऱ्या संस्थेत ज्येष्ठ सिस्टीम्स इंजिनिअर झाला, की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘पण तू तिथे बनवतोस काय?’’ उत्तर देताना तो अडखळतो. कारण एकही सुटा भाग तो बनवीत नाही. इंजिन एक गट करतो, इंधनाच्या टाक्या दुसरा, संगणक तिसरा. एकाचे काम जेथे संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, त्या सीमेवर याची नेमणूक असते. शीवच्या रहिवाशांना हे उमगायला हरकत नाही. मुंबई बेटाची हद्द संपून साष्टीची सुरू होई, ती ही शीव. इंग्रजांनी सतराव्या शतकात टेकडीवर किल्ला बांधला, तोही त्या हद्दीवर नजर ठेवण्यासाठीच.

त्याच्या हाती बहुधा एक खातेवही असते, वजनाची. प्रत्येक गटाला ठरावीक किलो वाटून दिलेले असतात आणि थोडी शिल्लक हाती राखलेली असते. अग्निबाणाच्या सर्वांत वरच्या टप्प्यात एक किलो वाढला, तर उपग्रहाचा एक किलो कमी करावा लागतो. तेथे उधारी चालत नाही.

मापाचा घोळ किती महाग पडतो, हे १९९९ मध्ये दिसले. मंगळाकडे निघालेल्या एका अमेरिकी यानाच्या गणितात एका गटाने बलाचे आकडे पौंडांत दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन समजून वाचले. रतलाने तोललेला माल किलोच्या भावाने मांडावा, तसे झाले. यान मंगळाच्या फार जवळ गेले आणि नष्ट झाले. दोन्ही गट आपापल्या कामात कुशल होते. चूक नेमकी सांध्यावर होती.

आपल्याकडचा धडा त्याहून जुना. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ झेपावले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील एका झडपेत कचरा अडकून ती उघडी राहिली होती. नायट्रिक आम्ल गळून गेले आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. उड्डाणाआधी संगणकाने थांबण्याची सूचना दिली होती. तज्ज्ञांनी साठा पुरेल असे सांगितले आणि प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांनी उड्डाण पुढे नेले. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितली. पत्रकारांसमोर मात्र अपयशाची जबाबदारी घेतली ती इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचविला.

ज्येष्ठपणाचा खरा भार येथे आहे. तारीख जाहीर झालेली, पाहुणे आलेले, वरिष्ठ अधीर. अशा वेळी ‘थांबा’ म्हणणे, किंवा ‘जाऊ द्या’ म्हणून सही करणे. पेढीवर हुंडी स्वीकारताना हात जसा क्षणभर थबकतो, तसाच तो क्षण. हे धैर्य पदवीबरोबर मिळत नाही. त्याला दहा-पंधरा वर्षांचा अनुभव लागतो.

व्यापारी कुळाला हे क्षेत्र परके मानण्याचेही कारण नाही. सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी घरचा व्यापार सोडून आधी रेल्वेची कंत्राटे घेतली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. युद्धकाळात, १९४२ मध्ये, ती सरकारने ताब्यात घेतली. धंद्याच्या हिशेबाने हा धक्काच. पण आजचा एचएएल त्याच रोपाचा वृक्ष. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या मोटरची आवरणे आजवर घडत आली आहेत.

घरच्यांची खरी काळजी वेगळीच असते : दुकान कोण पाहील? या क्षेत्रातल्या नोकऱ्या प्रामुख्याने बंगळूर, हैदराबाद, तिरुवनंतपुरम, अहमदाबाद येथे. मुलगा दूर जाणार हे धरूनच चालावे. पण सगळे काही परगावीच नाही. पवईच्या आयआयटीत विमानविद्येचा स्वतंत्र विभाग आहे, आणि इस्रोच्या यानांना लागणारी ‘विकास’ इंजिने गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार होतात. शीवहून विक्रोळी लोकलने चौथे स्थानक.