झुकलेली पापणी : लग्नाच्या वयाची वाट पाहू नका

वर्गात एखादे मूल फळ्याकडे बघताना हनुवटी वर करते, भुवया ताणते. शिक्षकाला ते अकडू वाटते, सोबती 'झोपाळू' म्हणून चिडवतात. घरी नानी म्हणते, "मोठं झालं की उघडेल आपोआप." खरे कारण अनेकदा हे असते की, वरची पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच दुबळा आहे. डॉक्टर याला टोसिस म्हणतात.

आपल्याकडे मुलीच्या पापणीचा विचार होतो तो पैगाम येऊ लागल्यावर! पण प्रश्न रूपाचा नाही, नजरेचा आहे. पाहायला मेंदू शिकतो तो पहिल्या सात-आठ वर्षांत. पापणीने बाहुली झाकली असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करतो आणि डोळा 'आळशी' होतो. मग विसाव्या वर्षी पापणी वर आली, तरी गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

स्नायूत थोडी ताकद असेल तर तो आखूड करून पापणी उचलतात. ताकद फारच कमी असेल तर सिलिकॉनच्या दोरीने किंवा मांडीतून काढलेल्या पट्टीने पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते. साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात हे करतात. बाहुली झाकली असेल तर त्याआधीही. त्यानंतर झोपेत डोळा किंचित उघडा राहू शकतो, म्हणून मलम, थेंब सांभाळावे लागतात. चष्मा किंवा चांगल्या डोळ्यावर पट्टी सांगितली असेल, तर ती चुकवू नये. कधी पुन्हा शस्त्रक्रियाही लागते.

काही भगिनी विचारतात, "अल्लाहने दिलेल्या रूपात हा बदल नाही का?" हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत कापले गेले. चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले, अशी हदीस आहे. दोष दूर करणे हा इलाज आहे.

वयस्कांची पापणी हळूहळू उतरते. त्यावरही उपाय आहे. मात्र ती अचानक उतरली आणि सोबत डोकेदुखी असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. संध्याकाळी जास्त झुकत असेल, तर आधी स्नायूंच्या आजाराची तपासणी हवी.

आणि बाळाची पापणी झुकलेली दिसली, तर ते बोलू लागण्याची वाट पाहू नका. न बोलणाऱ्या बाळाचीही नजर डॉक्टरांना तपासता येते.