वायर खोटं बोलत होती



मागच्या महिन्यात या सदराच्या शेवटी मी लिहिलं होतं की आमची म्हातारी बहुतेक आता घर सोडणार. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "मग विकली का?" नाही विकली. अजून आमच्याच पोर्चमध्ये उभी आहे. कशी राहिली, ते आज सांगतो.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. म्हातारी म्हणजे १९९६ सालची मर्सिडीज ई २२०. शौकीन मंडळी तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. जर्मनीत हे मॉडेल १९८४ च्या अखेरीस आलं. भारतात मर्सिडीज पहिल्यांदा बनू लागली ती १९९५ मध्ये, पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, आणि पहिली गाडी होती हीच. म्हणजे नाव जर्मन, पण जन्म पिंपरीचा. आई म्हणते, "माझ्या माहेरची आहे, म्हणून तर एवढी हट्टी." बाबांनी बावीस वर्षं मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स सांभाळलं. २००८ मध्ये तो कारखाना बंद झाला तेव्हा शेठजींनी ही गाडी विकायला काढली आणि बाबांनी ती नव्या छोट्या गाडीच्या किमतीत घेतली. घरात महिनाभर अबोला होता.

तर दुखणं असं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आमची पाच वर्षं यंदा जूनमध्ये संपत होती. त्यासाठी पीयूसी हवं आणि म्हातारी पीयूसीत नापास. सकाळी गार इंजिन छान सुरू व्हायचं, पण दहा मिनिटांत धडधड, काळा धूर आणि पेट्रोलचा वास. लिटरला आठ किलोमीटर जाणारी गाडी पाचवर आली होती.

गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले. मग इग्निशन कॉइल. मग पेट्रोल पंप. प्रत्येक वेळी बिल वाढलं, धूर तसाच. शेवटी निदान झालं, इंजिनाचा कंप्युटर गेला. जुना मिळाला तर त्याची किंमत ऐकून मी गप्पच बसलो. मेकॅनिक प्रेमानेच म्हणाला, "साहेब, वेची नाखो."

मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. त्यामुळे "कंप्युटर गेला" हे वाक्य मला सहज पटत नाही. ऑफिसातही नव्वद टक्के वेळा दोष कंप्युटरचा नसतो, त्याला कोणीतरी चुकीची माहिती दिलेली असते. म्हणून एका रविवारी मल्टिमीटर घेऊन बॉनेट उघडलं.

इंजिनात किती पेट्रोल सोडायचं हे कंप्युटर काही सेन्सरना विचारून ठरवतो. त्यातला एक कूलंटचं तापमान सांगतो. तो साधा असतो: तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. शून्य अंशाला साधारण सहा हजार ओहम, वीस अंशाला अडीच हजार आणि ऐंशी अंशाला तीनशेच्या आसपास. इंजिन गार असेल तर कंप्युटर जास्त पेट्रोल सोडतो, गरम झालं की हात आखडता घेतो. मी गरम इंजिनावर सेन्सर मोजला. तीनशे दहा. एकदम बरोबर. म्हणजे सेन्सर ठीक. वैतागून घरात आलो आणि म्हणालो, "सेन्सर चांगला आहे. कंप्युटरच गेला असणार."

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "सेन्सरजवळ मोजलंस. दुसऱ्या टोकाला मोजलंस का?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबांना तीन वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. गेल्या वर्षी दिवाळीत आकाशकंदिलाची वायर जोडताना सोल्डरिंगचं इस्त्र हातातून निसटलं, बोट भाजलं. त्या दिवशी त्यांनी हत्यारांची लाकडी पेटी माळ्यावर टाकली आणि पुन्हा काढली नाही. गाडी चालवणं त्याआधीच सोडलं होतं. गाडी विकायची म्हटल्यावरही ते फक्त "तुला योग्य वाटेल ते कर" एवढंच म्हणाले. मला भीती विकण्याची नव्हती, त्या वाक्याची होती.

मी परत बाहेर गेलो. बॅटरी सोडवली, कंप्युटरला जाणारा प्लग काढला आणि त्या टोकाला मोजलं. सहा हजार दोनशे. वायर जरा हलवली की आकडा उडी मारायचा. बडोद्याचा मे महिना, बाहेर बेचाळीस अंश, इंजिन भट्टीसारखं तापलेलं आणि कंप्युटरला मात्र वाटत होतं की आपण काश्मीरमध्ये बर्फात उभे आहोत. म्हणून तो बिचारा भरभरून पेट्रोल ओतत होता. गंमत म्हणजे सहा हजार हा आकडा अशक्य नाही. थंड प्रदेशात तो खराच असतो. त्यामुळे कंप्युटरने दोष नोंदवलाच नव्हता. वायर पूर्ण तुटली असती तर त्याने तक्रार केली असती. खरं वाटेल असं खोटं पकडणं सगळ्यात अवघड, हे ऑफिसात कितीदा शिकलोय, पण बॉनेटखाली विसरलो.

वायरिंगवरची टेप उघडली तर आतलं आवरण हाताला लागताच पापडासारखं चुरा झालं. तीस वर्षं इंजिनाच्या धगीत भाजल्यावर दुसरं काय होणार? अशा उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या तर मात्र कंप्युटर खरोखरच जळू शकतो. पूर्ण जुडगाच बदलायला हवा होता. तयार जुडगा परदेशातून मागवायचा तर जून उलटून गेला असता.

बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "माळ्यावरून पेटी काढ."

पुढचे सहा रविवार आम्ही डायनिंग टेबल अडवलं. आईने जेवण ओट्यावर वाढलं. बाबा खुर्चीत, मी समोर. हात माझे, नजर आणि नियम त्यांचे. पहिला नियम: एका वेळी एकच वायर. जुनी काढायची, तेवढीच लांब, तेवढीच जाड नवी घालायची, चिकटपट्टीवर नंबर लिहायचा, मग दुसरी. मला सगळ्या एकदम काढून फोटोवरून जोडायच्या होत्या. ते म्हणाले, "फोटोत रंग दिसतो, घोटाळा दिसत नाही." दुसरा: वायर घरगुती नको, उष्णता सोसणारी गाडीचीच हवी. तिसरा: सोल्डर नको, नीट क्रिंप कर. सोल्डरने वायर त्या जागी कडक होते आणि इंजिनाच्या हादऱ्याने बरोबर तिथेच तुटते. चौथा: ज्या वायरला मूळची जाळीची कवच आहे, तिला साधी वायर चालणार नाही, नाहीतर इग्निशनचा खरखराट सिग्नलमध्ये घुसतो. चाळीसेक वायर झाल्या. मी चार वर्षं शिकून बीई झालो, पण क्रिंप ओढून बघायचा असतो हे मला त्या टेबलावर कळलं. तेरा वेळा त्यांनी ओढून तोडला आणि परत करायला लावला. त्यांचा हात थरथरत होता, पण खराब जोड त्या हाताला बरोबर कळत होता.

जूनमध्ये किल्ली फिरवली. दहा मिनिटं थांबलो. वीस मिनिटं. धूर नाही, धडधड नाही. बाबा काठी टेकत बाहेर आले, इंजिनाच्या झाकणावर पंजा ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आता बरोबर." पीयूसी झालं, नोंदणीही झाली. खर्च? कंप्युटरच्या सांगितलेल्या किमतीच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी.

घरी जुनी गाडी असेल तर थोडक्यात काही गोष्टी. भाग बदलण्याआधी मोजा, आणि वायरची दोन्ही टोकं मोजा. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, खाली स्टँड हवाच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, तेव्हा त्या तपासून इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घ्या. हे काम आणि ब्रेकचं काम शिकलेल्या माणसाकडेच द्या, पैसे वाचवायची ही जागा नव्हे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी चालली नाही तरी ते दोन वर्षांनी बदला. आणि आठवड्यातून एकदा गाडी खरोखर फिरवून आणा, पोर्चमध्ये नुसती सुरू करून बंद करू नका.

शेवटची गोष्ट गाडीची नाही. घरात कोणी आयुष्यभर हाताने काम केलेलं माणूस असेल, तर "तुम्ही आराम करा" म्हणण्याआधी एकदा त्यांना काहीतरी विचारा. मला वाटत होतं की मी बाबांना जपतोय. खरं तर मीही एकाच टोकाला मोजत होतो.

हत्यारांची पेटी आता माळ्यावर नाही, पोर्चमध्ये आहे. पुढच्या रविवारी वायपर. या गाडीला काचेवर एकच वायपर आहे आणि तो फिरता फिरता लांब होतो, आखूड होतो, त्यामुळे काचेचे कोपरेही पुसले जातात. सध्या तो अर्ध्यात अडकतो. बाबांचं मत आहे की आतलं ग्रीस सुकलंय, माझं मत आहे की मोटर गेली. कोण जिंकलं ते पुढच्या महिन्यात. पैज बाखरवडीची लागली आहे.