वारी करा, पण खुरपणीचा पैसा राखून

शेतकरी बंधूंनो, आषाढीची वारी जरूर करावी. मात्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात ती नेमकी सोयाबीनच्या खुरपणी-फवारणीच्या दिवसांत येते. अशा वेळी घरटी वेगळी जीप ठरवायची, त्यासाठी उसनवारी करायची अन् मग मजुरीला पैसा नाही म्हणून रानात तण माजू द्यायचे, हे काही शहाणपणाचे नाही.

एसटीच्या सवलती आपल्यासाठीच आहेत. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यभर मोफत प्रवास आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांनाही निम्मेच तिकीट आहे. आता हिशोब मांडा. दहा माणसांत चार बाया, पंचाहत्तरी ओलांडलेले दोन म्हातारे अन् चार गडी असले, तर दहा तिकिटांचे काम सहात भागते.

2024 च्या आषाढीला 40 किंवा त्याहून जास्त भाविक असलेल्या गावातून थेट पंढरपूरला गाडी देण्याची सोय एसटीने केली होती. म्हणून सरपंच व ग्रामपंचायतीने पेरणी उरकताच गावात यादी करावी आणि हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी यांपैकी जवळच्या आगारात जाऊन चौकशी करावी. म्हाताऱ्यांनी वयाच्या पुराव्याला आधार कार्ड सोबत ठेवावे.

वाचलेला पैसा खुरपणीला लावा. सोयाबीनमध्ये पहिले तीस-चाळीस दिवस तण आवरले, तरच उतारा हाती लागतो.