खोडलेले दिसू द्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या महाविद्यालयाच्या जिन्याखाली जे भित्तिपत्रक लागते, त्यात मी एक टिपण लिहिले होते. ‘वसतिगृहातील मुलांना वाचनात रस नाही’, असे एक बेधडक विधान मी त्यात ठोकून दिले होते. दुसऱ्याच दिवशी वसतिगृहातल्या एका मित्राने त्याखाली उत्तर चिकटवले. खोलीत चौघे, दिवा एक आणि ग्रंथालय पाचला बंद. मग वाचायचे कुठे आणि केव्हा, असा त्याचा रोकडा सवाल होता.

मला माझी चूक कळली. पण मी काय केले? संध्याकाळी सामसूम झाल्यावर टिपण उतरवले, ‘मुलांना’च्या जागी ‘काही मुलांना’ असे केले आणि स्वच्छ प्रत पुन्हा लावून टाकली.

सकाळी वाचणारे हसले ते मित्राला. जे कुणी म्हटलेच नाही त्यावर हा एवढा तावातावाने का भांडतो, असे त्यांना वाटले. तो मला एका शब्दाने बोलला नाही. भित्तिपत्रकात मात्र त्याने पुन्हा लिहिले नाही.

मग लिहिलेले कधी बदलूच नये काय? जरूर बदलावे. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८५९ ते १८७२ या काळात सहा आवृत्त्या निघाल्या आणि टीकाकारांच्या आक्षेपांमुळे त्याने त्यात पुष्कळ फेरफार केले. पण नंतरच्या आवृत्त्यांत त्याने मुख्य फेरफारांची यादीही जोडली. गांधीजींनी १९३३ साली ‘हरिजन’मध्ये लिहिले की, माझ्या दोन लेखांत विसंगती दिसली तर नंतरचा लेख ग्राह्य धरावा. जुना लेख गुपचूप बदलण्याची गरज त्यांना वाटली नाही. मत बदलणे हा कमीपणा नव्हे. ते बदललेच नाही असे भासवणे हा कमीपणा आहे.

कुणी म्हणेल, ‘लेख माझा, मी वाटेल ते करीन.’ उत्तर येईपर्यंत हे खरे. पण दुसऱ्याने उत्तर दिले की आपले वाक्य एकट्याचे राहत नाही. त्याच्या आधारावर दुसऱ्याचे शब्द उभे असतात. आधार काढून घेतला की तो माणूस उगाच तोंडघशी पडतो.

म्हणून माझी साधी सूचना आहे. ऱ्हस्वदीर्घाची चूक खुशाल सुधारावी, त्यासाठी कुणाला विचारायला नको. अर्थ बदलत असेल तर जुना शब्द वाचता येईल असा एकाच रेघेने खोडावा आणि शेजारी तारीख व सही करावी. दस्तऐवजातल्या खाडाखोडीशेजारी सही लागते ती याचसाठी. आणि उत्तर आलेले असेल तर मूळ मजकुराला हातच न लावता खाली ताजा कलम लिहावा, व तो लावण्याआधी उत्तर देणाऱ्याला सांगावे.

या सत्रात मी माझे मूळ वाक्य जसेच्या तसे पुन्हा लावले, त्यावर रेघ मारली आणि खाली मित्राचे म्हणणे बरोबर होते असे सहीनिशी लिहिले. खाडाखोड पाहून मुले हसली. हसू देत. या खेपेला निदान योग्य माणसाला हसली. मित्राच्या पुढच्या लेखाची मात्र मी अजून वाट पाहतो आहे.

— तृतीय वर्ष, कला