अंकातली एक रेघ

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही जुन्नरहून घाटघरला पोहोचलो. बरोबर बँकेतील माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा होता. तो परवानाधारक हौशी रेडिओचालक. नाणेघाटाच्या माथ्यावरचे हे गाव, समोर जीवधन किल्ला. आमचे मोबाईल तिथे मुकेच झाले.

मुक्कामाच्या घरामागे त्याने झाडांना ४० मीटर तांब्याची तार बांधली. लहर ८० मीटरची, म्हणून तार तिच्या निम्मी, एवढे गणित मलाही उमगले. दिवसा ही लहर आकाशातला एक विद्युतभारित थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहर आणखी वर जाऊन, डोंगर ओलांडून, दूरवर खाली उतरते. आमचा चौविहार झाला आणि त्याच्या कामाची वेळ झाली, हा योग मला मोठा गमतीचा वाटला.

यंत्र अवघे पाच वॅटचे. बोलणे इतक्या शक्तीत खरखरीत बुडाले असते; मोर्सचे टिंब आणि रेघ मात्र तग धरतात. ‘सीक्यू’, म्हणजे ‘कोणी ऐकते आहे का’, असा पुकारा तो करीत राहिला. बऱ्याच वेळाने बंगळुरूच्या एका गृहस्थांचे क्षीण उत्तर आले.

“तार तर २०१३ साली बंद झाली. आता याचा उपयोग काय?” मी विचारले.

“काका, माळीण आठवते?” तो म्हणाला. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले ते गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि बाहेर बातमी पोहोचली ती एस.टी.च्या चालकाला नेहमीचे गाव दिसेना म्हणून. मी पुढे काही विचारले नाही.

त्या रात्री माझे लक्ष मात्र अंकांकडे लागले होते. मोर्समध्ये प्रत्येक अंकाला पाच चिन्हे. १ म्हणजे एक टिंब, चार रेघा. २ म्हणजे दोन टिंबे, तीन रेघा. दुसऱ्या जागची एक रेघ आखूड ऐकू आली की एकाचे दोन होतात. शंका आली की हा मुलगा लगेच प्रश्नचिन्ह वाजवी आणि पलीकडचे गृहस्थ तोच अंक न कंटाळता पुन्हा पाठवीत.

आमच्या वेळी ही सोय नव्हती. १९८७ साली तालुक्याच्या शाखेत एका आडत्याच्या नावे मुंबईहून पैशांची तार आली. तारेतला सांकेतिक क्रमांक पडताळून रक्कम द्यायची, असा नियम. क्रमांकात एकाच अंकाचा फरक निघाला. १ च्या जागी २. बायकोला त्याच संध्याकाळी पुण्याच्या रुग्णालयात न्यायचे आहे, असे ते सांगत होते. मी खुलाशाची तार केली आणि पैसे थांबवले. चूक कुठे झाली हे कधीच कळले नाही. खुलासा दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तोवर त्यांनी बाजारातून व्याजाने रक्कम उचलली होती.

रविवारी सकाळी नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या शिलालेखापुढे उभा होतो. दानाच्या गाई, घोडे, कार्षापण, सगळ्यांचे आकडे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेले. पुसट झाले तरी ते वाचता येतात.

नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. आजही तोच निर्णय घेईन. त्यांच्या पत्नी बऱ्या झाल्या. ते गृहस्थ मला एका शब्दानेही बोलले नाहीत, फक्त दिवाळीनंतर त्यांचे खाते समोरच्या बँकेत गेले.